पाच पेशींचा डोळा

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ‘संवेदन’ हे एक प्रकरण असते आणि ‘स्मरण’ हे दुसरे. डोळा पाहतो, मन लक्षात ठेवते ही कामाची वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. माझ्या मनात ती शंका आणली एका समुद्री गोगलगायीने.

हर्मिसेंडा हे तिचे नाव. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ती राहते. बोटाएवढा जीव, पाठीवर शंख नाही. माणसाच्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी सुमारे दहा कोटी; हिच्या डोळ्यात अवघ्या पाच! त्यांतील दोन ‘अ’ प्रकारच्या व तीन ‘ब’ प्रकारच्या. प्रकाश पडला की या पेशी उत्तेजित होतात आणि विजेचे सूक्ष्म स्पंद पुढे पाठवतात.

परंतु त्या नुसत्या निरोप्या नव्हेत. मायकेल डेनिस यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की या पेशी एकमेकींना दाबून धरतात. एकीचे स्पंद वाढले की दुसरीचे मंदावतात. म्हणजे पुढे जातो तो कच्चा प्रकाश नव्हे. पाच जणींच्या ओढाताणीतून ठरलेला निकाल पुढे जातो.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. हर्मिसेंडा एरवी उजेडाकडे जाते. पाणी खवळले की मात्र पाय आखडून खडकाला चिकटते. टेरी क्रो आणि डॅनियल आल्कन यांनी तिच्यावर उजेड टाकला आणि त्याच वेळी तिला गरगर फिरवले. रोज पन्नास वेळा, असे तीन दिवस. त्यानंतर ती उजेडाकडे जायला बराच वेळ घेऊ लागली, असे त्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या गोगलगायींना उजेड आणि फिरवणे यांचा मेळ न घालता दिले, त्यांच्यात हा बदल दिसला नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची आठवण यावी असाच हा प्रकार.

मग हा धडा साठला कुठे? शोध घेता घेता संशोधक डोळ्यातच येऊन पोहोचले. प्रकाशाची आणि समतोल-इंद्रियाची अशा दोन्ही खबरा एकदम आल्या की ‘ब’ पेशीत कॅल्शियम वाढते. असे वारंवार झाले, की त्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा आखडतात. पोटॅशियम बाहेर गेल्याने पेशी शांत होत असते. तो लगाम सैल पडल्यामुळे तेवढ्याच उजेडाला ‘ब’ पेशी अधिक चेकाळते, ‘अ’ पेशीला अधिक दाबते, आणि उजेडाकडे नेणारा हुकूम दुबळा होतो. पुढचे धागे तोडून ‘ब’ पेशी एकटी ठेवली, तरी तिच्यातील हा बदल कायम राहिलेला आढळला.

सारी स्मृती या एका पेशीतच असते, असा याचा अर्थ नाही. पेशींमधील जोडण्याही बदलतात, हे पुढील संशोधनात दिसले. पाच पेशींवरून माणसाच्या मनाचा सिद्धांत बांधणे हेही धाडसाचेच. तरीही एक गोष्ट उरतेच. येथे जी पेशी पाहते, तीच शिकते. आणि शिकल्यावर तिचे पाहणेच बदलते. ‘संवेदन’ आणि ‘स्मरण’ यांच्यामधली रेघ पुस्तकाने आपल्या सोयीसाठी ओढली आहे. हर्मिसेंडाच्या डोळ्यात ती कुठेच नाही.