अश्लीलतेच्या खटल्यात आरोपी कोण?

अश्लीलतेचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. एक म्हणतो, लेखकाला मोकळीक हवी. दुसरा म्हणतो, घरात मुलेबाळे आहेत. दोघांच्याही डोळ्यांसमोर लेखक असतो. आम्ही युनियनची माणसे. समन्स कोणाला आले, हे आम्ही आधी पाहतो. मुंबईच्या गाजलेल्या खटल्यात ते लेखकाला आले नव्हते. लेखक डी. एच. लॉरेन्स १९३० सालीच वारले होते. आरोपी होते कुलाब्यातील एका पुस्तकांच्या स्टॉलचे भागीदार.

१९५९ साली त्यांच्याकडे 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विक्रीस होती. मॅजिस्ट्रेटने प्रत्येकी वीस रुपये दंड केला. रक्कम किरकोळ, परंतु भागीदारांपैकी रणजित उदेशी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आहे, आणि सभ्यता व नीतिमत्ता यांच्यासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही त्यातच आहे. तेव्हा दंड संहितेचे कलम २९२ घटनेत बसते, असे १९६४ साली ठरले. येथवर समजण्याजोगे आहे. पुढचे मात्र आम्हांला आजही बोचते. विक्रेत्याचे म्हणणे होते की, पुस्तकात काय आहे हे मला ठाऊक होते, हे आधी सिद्ध करा. न्यायालय म्हणाले, कलमात तशी अट नाही. अज्ञान असलेच तर त्याचा उपयोग शिक्षा कमी होण्यापुरता. म्हणजे फळीवर शेकडो पुस्तके मांडणाऱ्याने पान न् पान वाचावे, आणि जेथे मोठमोठ्या साहित्यिकांचे एकमत होत नाही तेथे आपण बिनचूक निवाडा करावा!

बरे, मोजमाप तरी कोणते? १८६८च्या हिकलिन खटल्यातले इंग्रजी: ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात त्यांच्या हाती हे पडले, तर ती बिघडतील काय? आपल्या न्यायालयाने थोडी डागडुजी करून तेच ठेवले. बिघडणारी मने कोणाची, हे लंडनमध्ये १९६० साली उघड झाले होते. याच कादंबरीची साडेतीन शिलिंगांची स्वस्त आवृत्ती काढल्याबद्दल पेंग्विन प्रकाशनावर खटला झाला. सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारले की, आपल्या पत्नीने किंवा नोकरांनी हे वाचलेले तुम्हांला चालेल काय? ज्यूरीने पेंग्विनला निर्दोष सोडले. तो प्रश्न आम्ही विसरलेलो नाही, कारण आमची गणना नोकरांत. युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून मिळेल ते वाचून आम्ही शहाणे झालो. त्यातले काय आम्हांला सोसेल, हे ठरविणारा नेहमी दुसराच कोणी असतो.

कायदा जागचा हललाच नाही असे नाही. १९६९च्या दुरुस्तीने शास्त्र, साहित्य व कला यांना अपवाद मिळाला. २०१४ साली अवीक सरकार खटल्यात हिकलिनची कसोटी सोडून समाजाच्या समकालीन धारणांची कसोटी आली. पण लगेच पुढच्याच वर्षी आमच्या बिरादरीतला एक खटला निकाली निघाला. बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनच्या बुलेटिनमध्ये १९९४ साली वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली होती. ती त्याआधी साहित्य संमेलनात वाचली गेली होती, छापलीही गेली होती. काही कर्मचाऱ्यांनी नाराजी दाखविताच प्रकाशकाने पुढच्या अंकात बिनशर्त माफी मागितली. तरीही खटला झालाच. एकवीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या माफीकडे आणि गेलेल्या काळाकडे पाहून प्रकाशक व मुद्रक यांच्यावरील आरोप रद्द केला; कवीवरचा ठेवला.

प्रकाशकाला आम्ही दोष देणार नाही. संपात मालक एकेकाला बोलावून माफीपत्र लिहून घेतो, तेव्हा सही करणाऱ्याच्या घरची चूल आम्हांला दिसत असते. पण सही झाली की उरलेला माणूस एकटा पडतो, हेही आम्ही पाहिले आहे.

१ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत २९४ या क्रमांकाने आले आहे. विक्रेत्याला लागू होणाऱ्या पोटकलमात 'जाणूनबुजून' हा शब्द अजूनही नाही.