राष्ट्रीय सणांचा खाऊ : गोळ्यांऐवजी काय द्यावे?

पंधरा ऑगस्टचे ध्वजवंदन आटोपले की मुलांच्या रांगांतून जी चुळबुळ सुरू होते, तिचे कारण प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. मुलांचे डोळे खाऊच्या पिशवीकडे लागलेले असतात. पिशवीत बहुधा लिमलेटच्या गोळ्या किंवा चॉकलेटे असतात. ती स्वस्त पडतात, मोजावयास सोपी असतात आणि पावसाळी हवेतही टिकतात. सोयीमुळे पडलेला हा प्रघात आहे. त्याबद्दल शिक्षकबंधुभगिनींना दोष द्यावा असा येथे हेतू नाही. प्रस्तुत लेखकानेही पुष्कळ वर्षे गोळ्याच वाटल्या आहेत.

मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका शाळेत असताना पहिलीतील एक मुलगी गोळी मुठीत धरून उगीच बसलेली दिसली. विचारता तिने गालाकडे बोट दाखविले. शेवटची दाढ किडून काळी झाली होती. तिच्या आईस बोलावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ''दुधाची दाढ ती, गुरुजी. पडतली आपसूक.'' पुढे आरोग्य तपासणीस आलेल्या डॉक्टरांनी पाहिले, तो ती दाढ कायमची निघाली.

ही गोष्ट पालकांस आवर्जून सांगावयास हवी. साधारणपणे सहाव्या वर्षी, म्हणजे मूल पहिलीत येते त्याच सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तिचा पत्ता नसतो. ती गेली की पुन्हा येत नाही.

तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दाताचे कवच झिजविते. लाळ हे आम्ल हळूहळू निवविते. त्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा व किती वेळ तोंडात राहिली यासही महत्त्व आहे. पाच गोळ्या दिवसभर एकेक करून चघळणे हे दातांस सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली की, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, व शक्य तर पाच टक्क्यांहून कमी. दिवसास सुमारे १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलास पाच टक्के म्हणजे १९ ग्रॅमच्या आसपास साखर होते. एक गोळी चार-पाच ग्रॅमची, जवळजवळ सारी साखरच. शिवाय सकाळचा गोड चहा व त्यात बुडविलेले बिस्कीट आहेच! २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट व अतितेलकट पदार्थ विकता येत नाहीत. बाहेर जे विकू द्यावयाचे नाही, ते आत आपणच वाटावे हे विसंगत दिसते.

मग द्यावे काय? आपल्या जिल्ह्यात याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. नरकचतुर्दशीस, आपल्याकडील चावदिवशी, घरोघर गूळ-खोबऱ्याचे पोहे होतात. तेच शाळेत करावेत. चाळीस मुलांस एक किलो पोहे, तीन नारळ व पाव किलो गूळ पुरतो. चूल पेटवावी लागत नाही. मात्र नारळ त्याच सकाळी खवावेत. ऑगस्टच्या दमट हवेत आदल्या दिवशीचे ओले खोबरे आंबते.

दुसरा पदार्थ नाचणीचा लाडू. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तांदळात तो अगदीच थोडा. अर्धा किलो भाजलेले पीठ, पाव किलो गूळ, दीडशे ग्रॅम दाण्याचे कूट व तितकेच तूप घेतल्यास तीस लाडू होतात. येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. गूळ हीदेखील साखरच आहे. या लाडवात आठ ग्रॅमच्या वर गूळ जातो, म्हणजे गोडी दोन गोळ्यांइतकीच. फरक असा की लाडवाने पोट भरते, अंगास काही लागते व तो एकदाच खाऊन संपतो. याच न्यायाने चिक्की व जत्रेतला खाजा हे घरचे खरे, पण दातांस चिकटणारे. ते जत्रेपुरतेच असू द्यावेत.

जानेवारीत पेरू, केळी किंवा उकडलेल्या शेंगा द्याव्यात. अंगणवाडीतील लहानग्यांस अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. कडक गोळीचेही तसेच. दाण्याचा कोणास त्रास होतो काय, हे पालकांस आधी विचारून ठेवावे.

वाढदिवसाच्या चॉकलेटांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्याच्या घरी ऐपत नाही तो मुलगा त्या दिवशी शाळेतच येत नाही, असे आढळते. त्या दिवशी घंटा वाजविण्याचा मान त्या मुलास दिल्यास खर्च शून्य, आणि तो मान मुलांस चॉकलेटाहून मोठा वाटतो.

एक अनुभव सांगतो. प्रथम आम्ही लाडू केले ते गूळ फार बेताचा घालून. निम्मे लाडू कुंपणापलीकडे गेले! पुढच्या वर्षी गूळ वर दिलेल्या प्रमाणात घेतला आणि चौथीच्या मुलांस आदल्या दुपारी हात धुवून लाडू वळावयास बसविले. लाडू वेडेवाकडे झाले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपण वळलेला लाडू परातीत शोधत होता.