फॅशिया, सॉफिट आणि गटर : कोटेशनमधला आकडा कसा वाचावा

ब्रिटनमधल्या उतरत्या छपराच्या घरात वाशांच्या टोकांवर एक उभी फळी ठोकलेली असते. ती फॅशिया. तिच्या खालून भिंतीपर्यंत जाणारी आडवी फळी म्हणजे सॉफिट, आणि छपराखालच्या त्रिकोणी भिंतीच्या तिरक्या कडांना लावलेली ती बार्जबोर्ड. गटर फॅशियावरच टांगलेले असते. या सगळ्याला मिळून तिथले कारागीर रूफलाइन म्हणतात. लाकूड कुजले की फळ्या काढून आता बहुधा यूपीव्हीसीच्या बसवतात. या कामासाठी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवले, तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुपटीच्या घरात जाणे मुळीच नवलाचे नाही. मग घरमालकाचा तर्क धावतो : महागवाला लुबाडतो आहे, किंवा स्वस्तवाला फसवणार आहे. पुष्कळदा दोन्ही तर्क चुकतात, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिलेले असतात.

सर्वांत मोठा गैरसमज ‘नवी फळी म्हणजे नवी फळी’ हा आहे. यूपीव्हीसीच्या फळ्या दोन जातीच्या येतात. पातळ फळी साधारण 9 ते 10 मिमी जाडीची असते. ती जुन्या लाकडावरून चढवायची असते, म्हणून या कामाला कॅपिंग म्हणतात. जाड फळी 16 मिमी किंवा त्याहून अधिक असते. जुने लाकूड पूर्ण काढून ती थेट वाशांच्या टोकांवर ठोकतात आणि गटराचा भार ती स्वतः पेलते. खालचे लाकूड ठणठणीत असेल तर कॅपिंगमध्ये गैर काही नाही, काम लवकर होते आणि पैसेही कमी लागतात. लाकूड कुजलेले असेल तर मात्र किडलेल्या दातावर कॅप बसवल्यासारखे होते. वरून सगळे पांढरेशुभ्र, आत ओल कोंडलेली, आणि पातळ फळीचे खिळे भुसभुशीत लाकडात. अशा फळीवर पाण्याने भरलेले गटर किती दिवस टिकणार? कोटेशनमध्ये ‘फॅशिया बदलणे’ एवढेच लिहिले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. जुने लाकूड काढणार की ठेवणार, फळीची जाडी किती, खिळे स्टेनलेस स्टीलचे आहेत का, हे कागदावर यायला हवे. साधारण पद्धत दर वाशाला दोन खिळ्यांची आहे आणि वाशांमधले अंतर 400 ते 600 मिमी असते.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कुटुंबांना आणखी एक समज सोडणे जड जाते : ‘तिथला पाऊस तो काय, नुसती भुरभुर.’ लंडनचा वर्षाचा पाऊस 600 मिमीच्या आसपास असतो, मुंबईच्या एका पावसाळ्यात त्याच्या तिपटीहून अधिक पडतो. पण लाकूड कुजते ते किती पाणी पडले यापेक्षा ते किती काळ ओले राहिले यामुळे. मुंबईकडे चार महिन्यांनंतर कडक ऊन पडते. ब्रिटनमध्ये बारा महिने थोडे थोडे पडत राहते आणि हिवाळ्यात फळी आठवडेच्या आठवडे सुकत नाही. शिवाय गटराचे माप वर्षाच्या पावसावर ठरत नाही, एका जोरदार सरीवर ठरते. तासाला 75 मिमी वेगाची सर धरली, तर 40 चौरस मीटर छपरावरून तासाला 3,000 लिटर, म्हणजे सेकंदाला 0.8 लिटरहून थोडे अधिक पाणी येते. यावर ‘मोठे गटर घाला’ हा एकच उपाय नव्हे. पाणी खाली नेणारा पाइप टोकाऐवजी मधोमध घेतला की गटराच्या प्रत्येक अर्ध्या भागाला निम्मेच पाणी वाहावे लागते. डीपफ्लो, म्हणजे जास्त खोल, गटर सुचवणाऱ्याला पाइप कुठे उतरणार हे आधी विचारावे.

‘मीटरचा भाव काढला की तुलना झाली’ हेही अर्धेच खरे आहे. लांबी मोजणे आवश्यकच. दोन्ही बाजूंना घरे चिकटलेल्या टेरेस घराला पुढची आणि मागची अशा दोनच बाजू असतात, चारही बाजूंनी उतार असलेल्या सुट्या घराला चार. पण मीटरच्या भावात काय काय धरले आहे ते पाहिल्याशिवाय भागाकार करून उपयोग नाही. समजा, एका जोडघराची रूफलाइन 22 मीटर आहे. पहिले कोटेशन 1,800 पौंडांचे, कॅपिंगचे आणि शिडीवरून करायचे. दुसरे 3,000 पौंडांचे, त्यात पूर्ण बदल, परांचीचे 700 आणि जुने सामान उचलून नेण्याचे 150. पहिल्याचा मीटरभाव सुमारे 82 पौंड. दुसऱ्यातून परांची आणि भंगार वजा केले की 2,150 उरतात आणि भाव 98 पौंडांच्या आसपास येतो. 1,200 पौंडांचा वाटणारा फरक मुख्य कामापुरता मीटरमागे 16 पौंडांवर आला, आणि तोही कमी कामाशी जास्त कामाची तुलना करून. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतलेले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत.

खरी लपवाछपवी, किंवा प्रामाणिक विसरभोळेपणा, जमिनीवरून न दिसणाऱ्या गोष्टींत होतो. कौलांखाली अंथरलेले जुने डांबरी फेल्ट कडेला उन्हापावसाने फाटलेले असते. ते गटरापर्यंत पोचत नसेल तर पाणी नव्या फॅशियाच्या मागे उतरते. चांगला कारागीर खालची एकदोन ओळी कौले उचलून तिथे प्लॅस्टिकची पट्टी सरकवतो. तिला ईव्ह्ज प्रोटेक्टर किंवा ट्रे म्हणतात. कोटेशनमध्ये हिचा उल्लेख शोधावा, कारण माल स्वस्त असला तरी मेहनत आहे आणि टाळली तर वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट हवेची. नेहमीच्या थंड माळ्याला वळचणीतून सलग 10 मिमी फटीइतकी हवा मिळावी लागते. बिनछिद्रांचे सॉफिट लावून ती वाट बुजवली तर माळ्यावर दमट हवा साचून वाशांवर पाणी धरते. तिसरी, गटराचे ब्रॅकेट. ते एकमेकांपासून फार तर एक मीटरवर असावेत. उलट, सांध्यात दिसणारी थोडी फट पाहून बिल अडवू नये. 4 मीटरचे यूपीव्हीसी गटर 30 अंशांच्या फरकाने सुमारे 7 मिमी लांबते, त्यासाठी ती जागा सोडावीच लागते.

परांचीचे पैसे म्हणजे उगाच फुगवलेले बिल, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. याच्या उलट, ‘शिडीवर काम करणे बेकायदा आहे’ असे सांगून परांची गळ्यात मारणारेही आहेत. 2005 च्या उंचीवरील कामाच्या नियमांनी शिडीवर बंदी घातलेली नाही. थोड्या वेळाच्या, कमी धोक्याच्या कामाला ती चालते. एका जागी अर्ध्या तासाहून अधिक वेळ शिडीवर राहू नये, असे तिथल्या सुरक्षा खात्याचे मार्गदर्शन आहे. गटराचा एखादा तुकडा शिडीवरून बदलता येईल, पण पाच मीटरची फळी दोघांनी धरून सरळ ठोकायची तर मचाण किंवा परांची लागतेच. ती सार्वजनिक पदपथावर उभारायची असेल तर कौन्सिलचा परवाना लागतो. त्याची फी कोणाकडे, हेही विचारून घ्यावे.

अस्बेस्टॉसचे नाव काढले की काहींना तो पैसे उकळण्याचा बहाणा वाटतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी 1999 मध्ये आली, त्यामुळे 2000 पूर्वीच्या घरांच्या सॉफिटमध्ये तो असू शकतो. नुसते पाहून मात्र सांगता येत नाही, नमुना तपासावा लागतो. अस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा काढायला बहुधा परवानाधारक कंत्राटदार लागत नाही, इन्सुलेटिंग बोर्डाला साधारणपणे लागतो. दोन्हींच्या खर्चात मोठी तफावत असते. म्हणून तपासणीआधी सांगितलेल्या ठोक रकमेला अर्थ नाही.

कागदपत्रांबाबतही गोंधळ आहे. कोटेशन म्हणजे ठरलेल्या कामाची ठरलेली किंमत, ती मान्य केली की दोघांनाही बंधनकारक. एस्टिमेट हा अंदाज असतो आणि तो वरखाली होऊ शकतो. कुजलेले वासे निघाले तर काय भाव लावणार, हे कोटेशनमध्येच लिहून घेता येते. 20 टक्के व्हॅट न लावणारा चोर असतो असे नाही. एप्रिल 2024 पासून वर्षाची उलाढाल 90,000 पौंडांपर्यंत असणाऱ्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही. मात्र नोंदणी नसताना व्हॅट घेता येत नाही, म्हणून बिलात व्हॅट असेल तर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. फेन्साचे नाव दाखवून भरवसा देणाऱ्याला हेही ऐकवावे की ती योजना खिडक्यादारांसाठी आहे, फॅशियासाठी नाही.

‘आज सही केली तर निम्म्यात’ ही सूट खरी असेल तर मूळ किंमतच फुगवलेली होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. घरी येऊन केलेल्या करारातून ग्राहकाला साधारणपणे 14 दिवसांत माघार घेता येते. पण त्या मुदतीत काम सुरू करायला त्यानेच लेखी सांगितले असेल, तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. गॅरंटीची वर्षे मोजण्यापेक्षा ती कोणाची हे पाहावे. फळी बनवणाऱ्याची गॅरंटी बहुधा रंग पिवळा पडण्यासारख्या मालाच्या दोषांपुरती असते, बसवण्यातल्या चुकांची जबाबदारी कारागिराची, आणि त्याची कंपनी बंद पडली की विमा जोडलेली गॅरंटी तेवढी उरते. विसारापोटी थोडी रक्कम क्रेडिट कार्डाने दिली आणि कामाची किंमत 100 पौंडांहून अधिक पण 30,000 पौंडांपर्यंत असली, तर 1974 च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम 75 नुसार पूर्ण कामासाठी कार्ड देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरता येते.