आधी वंदन, मग दान

नाताळ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्माशी जोडलेला. दुसरा शब्द ख्रिसमस. तो जुन्या इंग्रजीतला. अर्थ ख्रिस्ताची मिस्सा, म्हणजेच उपासना. एका शब्दात जन्म आहे, दुसऱ्यात उपासना. भेटवस्तू दोन्हींत नाही. तरीही आज नाताळ म्हटलं की डोळ्यांपुढे आधी येतात ती रंगीत कागदात गुंडाळलेली खोकी. हे कसं झालं आणि ख्रिस्ती समाजातल्या विचारी माणसांनी त्यावर काय उपाय शोधला, हे समजून घेण्यासारखं आहे.

भेट देणं नाताळला परकं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमला येतात. बरोबर सोनं, ऊद आणि गंधरस आणतात. ते किती जण होते, हे तिथे सांगितलेलं नाही. तीन वस्तूंवरून तीन माणसं पुढच्या लोकांनी धरली. पण एक गोष्ट तिथे स्पष्ट आहे. घरात गेल्यावर त्यांनी आधी बाळाला लोटांगण घातलं आणि मग आपल्या थैल्या उघडल्या. आधी वंदन, मग दान.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी ही सांगड जपली. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. वाचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. आणि मग ज्याला जे जमेल ते त्याने द्यायचं. जमा होईल ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले आणि परगावचे यांच्यासाठी. दान हा उपासना आटोपल्यावरचा वेगळा कार्यक्रम नव्हता, तिचाच एक भाग होता.

मग सांताक्लॉज कुठून आला? चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथे निकोलस नावाचे बिशप होते. आख्यायिका अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती. निकोलसनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. देणारा कोण, हे कळू नये म्हणून रात्री. याच निकोलसचा पुढे सांताक्लॉज झाला. १८२३ साली अमेरिकेतल्या ट्रॉय या गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली आणि नाताळच्या आदल्या रात्री धुराड्यातून उतरणारा निकोलस घरोघरी पोचला. मी कविता लिहिणारा माणूस. मला ती गोड वाटते. तिच्यात रेनडियर आहेत, खेळण्यांची पोतडी आहे. बाळ येशू मात्र कुठेच नाही. बाजाराला तेवढं पुरेसं होतं.

भेटीतून वंदन गेलं की उरतो तो आहेर. आहेर म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. कोणी किती केला ते वहीत लिहून ठेवायचं आणि तोलामोलाने फेडायचं. ज्याला फेडता येत नाही, त्याचं नाव त्या वहीत येतच नाही. आणि येशूने तर जेवायला नेमकं त्यालाच बोलवायला सांगितलं आहे.

२००६ साली रिक मॅकिन्ली, ख्रिस सी आणि ग्रेग होल्डर या अमेरिकन पाळकांनी एक चळवळ सुरू केली. नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाला इंग्रजीत अॅडव्हेंट म्हणतात. त्यावरून तिचं नाव 'अॅडव्हेंट कॉन्स्पिरसी', म्हणजे आगमनकाळातला कट. कटाची कलमं चार : भरभरून उपासना करा, खर्च कमी करा, अधिक द्या, सर्वांवर प्रेम करा. खर्च कमी करून अधिक कसं द्यायचं? दुकानातल्या वस्तूऐवजी आपला वेळ द्यायचा, आणि वाचलेले पैसे गरजूंकडे वळवायचे. अनेक मंडळ्यांनी ते पिण्याच्या पाण्याच्या विहिरींसाठी दिले. यात उपासनेचं कलम पहिलं आहे, हे लक्षात घ्यावं.

कोणी विचारेल, दानाला उपासना कशाला हवी? देव न मानणारी माणसंही दानशूर असतात. खरं आहे. पण ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे नाताळची पहिली भेट माणसाने दिलेली नाही. देवाने आपला पुत्र दिला. म्हणून उपासनेला बसलेला माणूस आधी घेणारा असतो, नंतर देणारा. आपणही घेतलेलं आहे, हे आठवत असलं की देताना मिजास येत नाही.

आम्हा मुसलमानांत रमजान ईदचा फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो, घरातल्या तान्ह्या मुलासकट माणशी. गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून. नमाजानंतर दिला तर ती साधी खैरात ठरते. तिथे क्रम उलटा, पण गाठ तीच. प्रार्थना आणि देणं वेगळं करायचं नाही.

मुलांची खेळणी बंद करा, असं कोणी म्हणत नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी गरजूंचा वाटा आधी बाजूला काढावा, घरची खरेदी उरलेल्यात बसवावी. तो वाटा मुलांच्या हातून चर्चमध्ये अर्पण करावा. खोकी उपासनेहून परतल्यावर उघडावीत. एवढं केलं तरी मुलांना न सांगता कळेल, की आपल्या खेळण्याच्या आधी कोणाचं तरी जेवण आलं, आणि त्याच्याही आधी गव्हाणीतलं ते बाळ.