नोकरी गेली, आता घरच्यांच्या मेडिक्लेमचं काय?

नोकरी गेली की घरात पहिली चर्चा होते ती पगाराची. घरभाडं, मुलांची फी, हप्ते. मेडिक्लेम आठवतो तो महिना-दोन महिन्यांनी, जेव्हा अम्मीची शुगर वाढते किंवा अब्बांना रात्रीत दवाखान्यात न्यावं लागतं. काउंटरवर कार्ड दिलं की उत्तर येतं, ‘पॉलिसी बंद आहे.’ ही वेळ टाळता येते. पण त्यासाठीचं बहुतेक काम नोकरीचा शेवटचा दिवस उजाडण्याआधी करावं लागतं. म्हणून हा विषय आम्ही आज सविस्तर मांडत आहोत.

कंपनीची पॉलिसी आपली नसते

कंपनी देते ती ग्रुप पॉलिसी. करार कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला असतो, आपण त्यातले फक्त सदस्य. नोकरी सुटली की सदस्यत्व जातं आणि सोबत बायको, मुलं, आई-वडील यांचंही संरक्षण जातं. बहुतेक ठिकाणी हे शेवटच्या कामाच्या दिवशीच होतं. म्हणून नोटीस हातात पडताच एचआरला ईमेल करून विचारा: आमचं कव्हर नेमकं कोणत्या तारखेला संपतं? तोंडी उत्तरावर राहू नका. ठरलेलं ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांशी बोलून ते त्या तारखेआधी होईल का ते पाहा.

त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागा

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. फायदा काय? नव्याने पॉलिसी घेतली तर साधारण पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा क्लेम मिळत नाही आणि जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागू शकतं. मायग्रेशनमध्ये ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षं या मुदतीतून वजा होतात.

मात्र हे श्रेय जुन्या रकमेपुरतंच मिळतं. समजा कंपनीत ३ लाखांचं कव्हर होतं आणि आता ५ लाखांचं घेतलं, तर वाढलेल्या २ लाखांना वेटिंग पिरियड नव्याने लागतो. विमा कंपनी तब्येतीची माहिती मागू शकते, तपासणी करू शकते, प्रीमियमही आता आपल्याच खिशातून जाणार. एक दिलासा आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे.

अर्ज नोकरी सुटण्याआधीच करा. मध्ये खंड पडला की साठवलेली वर्षं हातातून जाऊ शकतात. एचआरकडून पॉलिसी क्रमांक, सदस्य क्रमांक आणि किती वर्षं कव्हर होतं याचं पत्र घेऊन ठेवा. आणि फॉर्ममध्ये आजार लपवू नका. एजंट म्हणेल, ‘बीपीचं लिहू नका, प्रीमियम वाढेल.’ ऐकू नका. तेच खोटं पुढे क्लेम नाकारायला कारण ठरतं.

नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील, तर दुसऱ्याच्या कंपनीत नाव घालता येतं का तेही विचारा. वर्षाच्या मध्येच नाव घेतात की नूतनीकरणाच्या वेळी, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

ई.एस.आय. कापला जात होता का?

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कारखाना-दुकानातल्या अनेक कामगारांचा ई.एस.आय. कापला जातो: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. इथे नोकरी सुटली की दवाखाना लगेच बंद होतो असं नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. आपली मुदत कुठवर आहे हे शाखा कार्यालयात जाऊन विचारा.

याशिवाय अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगार झालेल्याला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. लाभ आयुष्यात एकदाच. वर्गणीच्या दिवसांच्या अटी आहेत, आणि गैरवर्तनामुळे काढलेल्यांना ती मिळत नाही. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत असतं, तेव्हा अर्जाआधी सध्याची स्थिती विचारून घ्या. कारखाना बंद पडल्याने किंवा कामगार कपातीत नोकरी गेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिच्यात भत्त्यासोबत कुटुंबाच्या उपचारांचीही सोय आहे.

काहीच हातात नसेल तर

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी आहे, कार्ड पिवळं, केशरी असो की पांढरं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांसाठी. साधी ओपीडी यात येत नाही. त्यामुळे जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते आजच शोधा. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतात, ते कागदपत्रांत मदत करतात. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत ना, आधारशी जुळतात ना, तेही पाहा. आपल्याकडे शेख-शैख, मोहम्मद-मो. अशा स्पेलिंगच्या फरकावरच फाइल अडकते.

घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचे दादा-दादी, नाना-नानी असतील, तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून हे कार्ड उत्पन्न न पाहता मिळतं आणि त्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर देतं.

विमा घेणं जायज आहे का, हा प्रश्न काही घरांत असतोच. त्याचं उत्तर आपल्या विश्वासातल्या आलिमांकडून घ्या, पण दवाखान्याच्या दारात उभं राहून नव्हे. घर सुखरूप असताना विचारा. नोकरी जाणं ही लाजेची गोष्ट नाही. ती लपवण्यात पंधरा दिवस गेले, तर नुकसान मात्र अख्ख्या घराचं होतं. म्हणून घरात बोला, आणि मोहल्ल्यात कुणाची नोकरी गेल्याचं कळलं तर दिलासा देताना हा एक प्रश्नही विचारा: ‘भाई, मेडिक्लेमचं पाहिलंस का?’