अकरा लाखांची कुजबुज

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर कोन गाव. समजा, इथल्या एखाद्या गोदामासमोर ट्रकचा फाळका पडलाय आणि पाठीवर ५० किलोचं पोतं घेतलेला हमाल टाचा उचलतोय. त्याच्या पोटरीतली वीज मोजायची आहे. कातडीवर धातूची टिकली लावायची की आत सुई टोचायची?

आधी आतली गर्दी पाहू. फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये केलेल्या मोजणीत पोटरीच्या आतल्या स्नायूत सुमारे ११ लाख २० हजार तंतू निघाले आणि त्यांना हाकणाऱ्या चेतापेशी फक्त ५७९. म्हणजे एका चेतापेशीच्या हुकमासरशी सरासरी १,९०० हून जास्त तंतू आखडतात.

प्रत्येक तंतूच्या पापुद्र्यावर साधारण ९० मिलिव्होल्ट. फुटकळच! पण पापुद्रा जेमतेम ८ नॅनोमीटर जाड. भागाकार केला तर मीटरमागे एक कोटी व्होल्टच्या वर. हवेत ठिणगी पडायला तीस लाख पुरतात.

मांस, चरबी, कातडी ओलांडेपर्यंत मात्र या कल्लोळाची कुजबुज होते. हाती येतात काही मायक्रोव्होल्ट, फार तर काही मिलिव्होल्ट. शेजारच्या भिंतीत २३० व्होल्टची तार. ५० मायक्रोव्होल्टच्या ती ४६ लाख पट! शिवाय तिची ५० हर्ट्झची घरघर स्नायूच्या २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यातच येते.

म्हणून केस भादरायचे, घाम पुसायचा, स्पिरिट चोळायचं आणि चांदी व सिल्व्हर क्लोराइडच्या १० मिलिमीटरच्या दोन टिकल्या तंतूंच्या दिशेने, मध्यापासून मध्य २० मिलिमीटरवर चिकटवायच्या. घरघर दोन्हींवर जवळपास सारखीच येते. वजाबाकीत बरीचशी जाते.

आता मापं पाहा. टिकलीचं क्षेत्रफळ ७८ चौरस मिलिमीटर. नेहमीच्या सुईचं टोक ०.०७, म्हणजे अकराशेवा हिस्सा. एकेकटा तंतू ऐकणाऱ्या सुईची तार २५ मायक्रोमीटरची. टिकलीच्या दीड लाखाव्या हिश्शाहूनही लहान.

भिवंडीकराला हे सांगायला नको. यंत्रमागाच्या शेडला बाहेरून कान लावला तर सगळ्या मागांचा खडखडाट. एकाच मागाचा धोटा ऐकायचा तर आत त्याच्यापाशी उभं राहावं लागतं. चेतापेशींचा आजार शोधायचा असेल तर सुई. पण पोटरीत सुई ठेवून पोतं कोण उचलणार? हमालाला टिकलीच.

पोतं थप्पीला लागतं. अकरा लाख तंतूंचा गलका विरतो. पडद्यावर उरते ती भिंतीतल्या तारेची थोडी घरघर.