ॲल्युमिनियमचा सांधा आणि सिरॅमिकची भुकटी

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धुळें जिल्ह्यांतील शिंदखेडा हें स्थानक लागतें. तेथील रूळ असोत वा गांवांतल्या बैलगाडीच्या चाकाची धांव असो, दोहोंचा भरंवसा अखेर सांध्यावर असतो. आणि धातु जोडण्याच्या दोन निरनिराळ्या रीती या दोन वस्तूंत पाहावयास सांपडतात. रूळ जागच्या जागीं जोडण्याच्या एका रूढ पद्धतींत ॲल्युमिनियमची पूड आणि लोहभस्म यांचें मिश्रण पेटवितात व त्यांतून निघालेला पोलादाचा तप्त रस दोन रुळांमधील फटींत ओततात. लोहार मात्र धांवेचीं दोन टोकें भट्टींत लखलखीत तापवितो आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून तीं एकजीव करतो. तेथें लोखंड मऊ होतें, पण वितळत नाहीं. पहिली रीत वितळवून जोडण्याची, दुसरी मळून जोडण्याची.

ॲल्युमिनियमला पहिली रीत फारशी मानवत नाहीं. हा धातु ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतो; परंतु हवा लागतांच त्याच्या पृष्ठावर भस्माचा जो अदृश्य पापुद्रा चढतो, तो २००० अंशांच्या पलीकडे गेल्याखेरीज वितळत नाहीं. शिवाय वितळलेला रस हायड्रोजन वायु शोषून घेतो आणि गोठतांना तो सोडतो. त्यामुळें सांध्यांत बुडबुड्यांचीं छिद्रें राहतात. तांबें किंवा जस्त घातलेल्या बळकट मिश्रधातूंत तर निवतांना भेगाही पडतात. विमानाचे पत्रे एकमेकांस रिव्हेट मारून जोडण्याची चाल पडली, त्याचें हें एक मोठें कारण होय. नाशिकजवळ ओझर येथें १९६४ सालीं विमानांचा कारखाना स्थापन झाला. अशा कारखान्यांत रिव्हेट हा बांधणीचा प्राणच असतो. परंतु प्रत्येक रिव्हेटामागें पत्र्यास एक भोंक पडतें आणि विमानाच्या वजनांत भर पडते.

या अडचणीवर १९९१ सालीं इंग्लंडांतील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्यें वेन थॉमस व त्यांचे सहकारी यांनीं तोड काढली. तिला घर्षणानें घुसळून जोडण्याची पद्धति म्हणतां येईल. तिचें हत्यार साधें आहे. एक पोलादी दांडा, त्याच्या तोंडाशीं रुंद खांदा आणि खांद्याच्या मध्यभागीं पत्र्याच्या जाडीहून किंचित् आंखूड अशी खुंटी. दोन पत्रे काठाला काठ भिडवून घट्ट आवळतात. मिनिटास शेंकडों फेरे घेणारी ही खुंटी त्यांच्या संधींत दाबून शिरवितात आणि संधीच्या रेषेनें सावकाश पुढें नेतात. घर्षणानें धातु ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापतो व कणकेच्या गोळ्यासारखा मऊ होतो. ताकांत रवी फिरावी तशी खुंटी त्यांत फिरते, दोन्ही पत्र्यांचा धातु एकमेकांत मिसळते, आणि वरून खांदा तो दाबून धरतो. रस होतच नाहीं. म्हणून बुडबुडे नाहींत आणि गोठण्याच्या भेगाही नाहींत. लोहाराच्या दुसऱ्या रीतीचेंच हें यांत्रिक रूप होय. २००६ साली अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या ‘एक्लिप्स ५००’ या लहान जेट विमानांत या पद्धतीनें सात हजारांहून अधिक रिव्हेटांची गरज नाहींशी केली. जपानांतील हिताची कंपनीनें आगगाडीचे ॲल्युमिनियमचे डबे याच पद्धतीनें जोडले. २०२२ सालीं सुरू झालेल्या पुणें मेट्रोचे डबेही ॲल्युमिनियमचेच असल्यामुळें अशा धातूचा सांधा कसा टिकतो, हा प्रश्न महाराष्ट्रांतील प्रवाशांसही आतां परका राहिलेला नाहीं.

मात्र या सांध्यांतही एक उणीव राहते. ॲल्युमिनियमच्या पुष्कळशा मिश्रधातूंचें बळ उष्णोपचारानें आलेलें असतें. ही गोष्ट आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञास १९०६ सालीं आढळून आली. योग्य रीतीनें तापवून, झटकन् निववून कांहीं काळ ठेवलेल्या अशा मिश्रधातूंत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तेच त्यास कणखर बनवितात. सांधा घुसळतांना जी उष्णता होते, तिच्यामुळें हे कण विरघळतात किंवा फुगून मोठे व निरुपयोगी होतात. परिणामीं अशा पत्र्यांच्या सांध्यांत मूळ पत्र्याच्या दोनतृतीयांश ते चारपंचमांश इतकेंच बळ बहुधा उरतें.

येथें सिरॅमिकची भुकटी उपयोगी पडते. सिरॅमिक म्हणजे चिनीमातीच्या जातीचे कठीण व उष्णतेस दाद न देणारे पदार्थ. घांसकागदावर असणारें सिलिकॉन कार्बाइड हें त्यांपैकीं एक. ॲल्युमिना हें दुसरें. रूळ जोडतांना पोलादाच्या रसावर जो मळ तरंगून येतो, तो मुख्यत्वें हाच ॲल्युमिना. पत्र्याच्या काठास बारीकशी खांच पाडून तींत ही भुकटी भरतात, खुंटी नसलेलें हत्यार वरून फिरवून खांचेचें तोंड मिटवितात, आणि मग नेहमींप्रमाणें सांधा घुसळतात.

भुकटीचें कार्य दुहेरी आहे. घुसळण्यानें धातूचे स्फटिक मोडून नवे बारीक स्फटिक तयार होतात. परंतु उष्णतेंत ते पुन्हा वाढूं पाहतात. सिरॅमिकचे कण त्यांच्या सीमांवर खुंट्यांप्रमाणें रुतून बसतात व ही वाढ अडवितात. क्लॅरेन्स झेनर यांचा हा विचार सिरिल स्मिथ यांच्या निबंधांतून १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. दुसरें असें कीं, धातु वांकतो तो त्याच्या स्फटिकरचनेंतील दोषरेषा सरकल्यामुळें. वाटेंत कठीण कण आडवे आले म्हणजे त्या रेषांस सरकणें जड जातें. याचा प्रत्यय राजीव मिश्रा व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आला. तो प्रयोग सांध्यावर नसून ५०८३ या मिश्रधातूच्या पृष्ठावर होता. तेथें शेंकडा २७ भाग सिलिकॉन कार्बाइड मिसळलेल्या पातळ थराचें काठिण्य ८५ वरून १७३ अंकांवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेलें.

तथापि भुकटी घातली कीं सांधा बळकट झाला, असें समजणें चुकीचें ठरेल. कण एकसारखे पसरले नाहींत तर त्यांचे पुंजके होतात आणि भेग नेमकी तेथूनच सुरू होते. म्हणून हत्यार त्याच रेषेवरून दोनतीन वेळां फिरवावें लागतें. कणांचें प्रमाण वाढलें कीं काठिण्य वाढतें, पण ताणण्याची क्षमता घटते. असा सांधा वांकण्याऐवजीं तुटतो. घांसकागदाचा पदार्थ हत्यारासही सोडीत नाहीं. पोलादी खुंटी झिजून तिचे कण सांध्यांत येतात.

याहून मोठी मर्यादा निराळीच आहे. भुकटी पोंचते ती खुंटी फिरते तेवढ्याच पट्ट्यांत. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस पत्र्याचा जो भाग नुसता तापलेला असतो, त्याचें बळ गेलेलेंच राहतें. उष्णोपचारानें कणखर केलेल्या पत्र्यांत सांध्याचा मध्य कितीही मजबूत केला, तरी तुटण्याची जागा फक्त शेजारी सरकते. म्हणून ५०८३ सारख्या, उष्णोपचारावर न विसंबणाऱ्या मिश्रधातूंत भुकटीचा लाभ अधिक पदरांत पडतो. इतरांत घुसळतांना पाण्यानें निवविणें किंवा मागाहून पुन्हा उष्णोपचार करणें, यांची जोड तिला द्यावी लागते.

सांधा जोखावयाचा तो त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेवरून. ती जागा घुसळलेल्या पट्ट्यांत असेल तर भुकटीनें काम होईल. ती शेजारच्या तापलेल्या भागांत असेल, तर भुकटीआधीं उष्णतेचा बंदोबस्त केला पाहिजे. विमानाच्या पत्र्यावर किंवा रेल्वेच्या डब्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. तेव्हां सांध्याचा मध्य किती कठीण झाला एवढेंच न पाहतां, ताण दिल्यावर तो कोठें तुटतो हें आधीं पाहणेंच श्रेयस्कर होय.